होरीचा वाटा

माझ्या बायकोचा मधमाश्यांचा गेम कंपनीने बंद केला, असं आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे. चौकला माझ्या भावाच्या घरी, पालीला तिच्या माहेरी, सगळीकडे हेच बोललं जातं. लेक तर फिजिओथेरपीच्या बाईंनाही सांगते, "त्यात तिचा जीव होता हो. तो बंद पडला आणि आईने हातच सोडून दिला." ती हे सांगत असते तेव्हा मी काहीतरी आणायला स्वयंपाकघरात जातो.

गेम बंद झालेला नाही. बंद झाला असं मी सांगितलं. ते का सांगितलं आणि त्यातून काय झालं, ते आता लिहून ठेवतो.

बायकोने सगळं आयुष्य भाईंदरच्या बाजारात मासळी विकली. गुडघे गेले तेव्हा टोपली सुटली आणि ती फ्लॅटमध्ये बसून राहिली. दिवसभर बोलणारी बाई, तिला बोलायला कुणी उरलं नाही. मी होतो, पण माझ्याशी बोलण्यात तिला फार गोडी नव्हती. लेकीने तिला टॅब आणून दिला आणि त्यात स्वतः पूर्वी खेळायची तो गेम टाकला. जंगलं, किल्ले, आग ओकणारे राक्षस, चिलखत घातलेली माणसं. देशभरातले लोक एकाच वेळी त्यात हिंडत असतात. पहिल्याच दिवशी बायकोला एका लांडग्याने खाल्लं. ती लेकीला म्हणाली, "मला मारामारी नको गो. दुसरं कायतरी काम हाय का तिथं?"

होतं. रानाच्या कडेला एक झोपडी आणि मधमाश्यांच्या पेट्या. त्या गेममध्ये ते काम फारसं कुणी घेत नाही, कारण त्यात थांबावं लागतं. पेटीला धुरी द्यायची, मग हळूच झाकण उघडायचं, राणीमाशी आहे ना ते बघायचं, पोळ्याला कीड लागली असेल तर तेवढा तुकडा कापून टाकायचा. भोवती फुलं लावायची. निळी फुलं लावली तर मध निळसर येतो आणि तो राक्षसाने भाजलेल्या माणसाला लावला की तो उठून उभा राहतो. त्यामुळे लढाईवरून आलेले सगळे शेवटी हिच्या दारात. गेममध्ये माणसांच्या टोळ्या असतात, त्यातल्या एका मराठी टोळीने तिला आपल्यात घेतलं. तिला टाइप करता यायचं नाही, म्हणून ती कानाला हेडफोन लावून बोलायची. बाजारात बोलायची तशीच.

"कोन रं तू? परत भाजून आला? काल तर मध लावून धाडला व्हता!"

"आजी, आज राक्षस मोठा होता."

"राक्षस मोठा का तुजी अक्कल लहान? हात पुढं कर."

टोळीतले सगळे तिला आजी म्हणायचे. त्यात नागपूरकडची एक शिक्षिका होती, तिच्याशी हिचं विशेष जमायचं. दोघी मधाबद्दल कमी आणि सुनांबद्दल जास्त बोलायच्या. हिला सून नाही, तरी.

त्या गेममध्ये थंडी येते. बर्फ पडतो, फुलं जातात, आणि माश्या साठवलेल्या मधावर जगतात. ही प्रत्येक पेटीत चांगला मध ठेवून द्यायची. टोळीतला एखादा म्हणायचा, "आजी, एवढा कशाला, थोडा काढा ना." ही म्हणायची, "तो होरीचा वाटा हाय."

होरी म्हणजे होडी. आमच्याकडे धंद्याहून, म्हणजे मासेमारीहून, आल्यावर वाटे पडतात, तेव्हा खलाशांचे वाटे असतात तसा एक वाटा होडीचाही असतो. तो कुणी घरी न्यायचा नाही. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की तिच्या लाकडाला, डागडुजीला तो लागतो. माझ्या वडिलांची होडी होती. मी शाळेत शिकून शहाणा झालेलो, एकदा त्यांना म्हणालो, "होडी काय जेवायला बसते का?" ते म्हणाले, "बसते. पावसाल्यान बसते." मी दर्यावर गेलो नाही. औषधांच्या एका गोदामात नोकरी केली. तिथे माल पडून राहिला की साहेब ओरडायचा. पडून असलेली वस्तू म्हणजे कुणाची तरी चूक, हे माझ्या अंगात मुरलं ते तिथे.

एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून पडला. मी म्हणालो, "लक्ष कुठे आहे?" ती उत्तर द्यायला गेली तर शब्दच नीट येईनात. उजवी बाजू गेली होती. इस्पितळात काही दिवसांनी तिचं पहिलं समजण्यासारखं बोलणं झालं, ते म्हणजे "पेट्या."

"मी बघतो," मी म्हणालो.

"वाटा…"

"हो, हो. ठेवतो."

मी खरोखरच बघू लागलो. तिच्याशेजारी बसून इतकी वर्षं जे पाहिलं होतं ते हाताला येत गेलं. टोळीतल्यांनी विचारलं, आजी बोलत का नाही? मी टाइप केलं, "घसा बसलाय." खरं सांगायला हवं होतं. पण आजी आजारी आहे म्हटलं असतं तर ते माझ्याशी 'आजोबा' म्हणून बोलले असते, आणि मला त्यांचं ते 'आजी' आवडायला लागलं होतं. लोक लांबून पळत यायचे, वाकून नमस्कार करायचे. गोदामात माझ्या येण्याने कुणी मान वर केली नव्हती.

मग मधाची जत्रा आली. बर्फ पडण्याआधी गेममध्ये ती भरते. सगळ्यांत जास्त मध जो आणेल त्याच्या झोपडीपुढे सोन्याची कमान उभी राहते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. माझ्या मनात आलं, ही घरी येईल, मी टॅब तिच्या हातात देईन आणि तिच्या दारात कमान असेल. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की कमान मला हवी होती.

आमचा मध थोडा कमी पडत होता. पेट्यांमध्ये होता तो पडूनच होता.

मी झाकणं उघडली तेव्हा नागपूरची शिक्षिका तिथेच उभी होती. तिने लिहिलं, "आजी, थंडीचं ठेवलं न? यंदा खूप बर्फ पडणार म्हणून राहिले सारे."

मी लिहिलं, "ठेवलंय."

कमान मिळाली. टोळीतल्यांनी आकाशात शोभेची दारू उडवली, ढोल वाजवले. मी घरात एकटाच हसत होतो. पुढे बर्फ पडायला लागला. मी पेटी उघडली की आतला गुणगुण आवाज रोज कमी यायचा. साखरेचं पाणी देऊन पाहिलं, पण ते गारठ्याच्या आधी द्यायचं असतं. एकेक पेटी गेली. शेवटी तर झाकण उघडलं की फक्त एक ओळ यायची: या पोळ्यात आता कुणी राहत नाही.

त्यानंतर लवकरच बायको घरी आली. खुर्चीत नीट बसवल्यावर तिने डाव्या हाताने हवेत चौकोन काढून दाखवला. टॅब.

मी म्हणालो, "गेम बंद झाला गं. कंपनीनेच बंद केला."

इतक्या सहज निघालं तोंडातून. लेकीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "हो, होतं असं," आणि ऑफिसच्या फोनकडे वळली. टॅब मी माळ्यावर, जुन्या चादरींच्या मागे ठेवून दिला.

फिजिओथेरपीच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "टॅब वापरायच्या ना या? उत्तम! तेच सगळं आता उजव्या हाताने करायचं. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात, बोटं शिकतात या काळात." लेकीने गेम बंद पडल्याचं सांगितल्यावर त्यांनी रबरी चेंडू दिला, दाबायला. बायकोने तो बादलीत टाकला. डाळीचे दाणे वेचायला दिले, तिने ताट सरकवून दिलं. उजवा हात ती पदराखाली घेऊन बसायची, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. मी समोर पेपर वाचत बसायचो. ते सुरुवातीचे महिने माझ्या डोळ्यांदेखत गेले. त्यातल्या कुठल्याही दिवशी मी माळ्यावर हात घालू शकत होतो.

शेवटी टॅब काढला, तोसुद्धा चांगल्या विचाराने काढला नाही. लेक म्हणाली होती, टॅब तिला हवा आहे, कामाला. म्हणजे ती तो उघडणार आणि गेम चालू दिसणार. मला तो आधी पुसून टाकायचा होता. बायको बाहेरच्या खोलीत होती. मी पलंगावर बसून गेम उघडला. झोपडीपुढे कमान होती. पेट्या रिकाम्या. पण भोवती फुलं होती, निळी, ताजी. मी लावलेली नव्हती. खाली नागपूरच्या शिक्षिकेचे निरोप साठले होते. शेवटचा असा होता: "आजी, तुमच्या जागेवर कोणाले पेट्या लावू दिल्या नाही. दोघंजण भांडून गेले. फुलायले पाणी घालून राहिलो आम्ही. तुम्ही फक्त या."

पुसायचं बटण माहीत होतं. बोट तिथे गेलं नाही.

मी टॅब घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

"गेम चालू आहे," मी म्हणालो. "बंद नव्हता झाला. माश्या मेल्या. मी मारल्या."

आजारानंतर तिचं बोलणं सावकाश झालं आहे. त्या दिवशी ते आणखी सावकाश वाटलं.

"होरीचा वाटा?"

"मी काढला."

"कोनाला दिला?"

"जत्रेत दिला. कमान मिळाली. सोन्याची."

"कमान." तिने टॅबकडे पाहिलं. "कमान खातात का माश्या?"

मग तिने विचारलं, "आनी मी इथं बसलेली दिसत व्हती ना?"

मी टॅब पुढे केला.

तिने टॅब मांडीवर घेतला. एकेक रिकामी पेटी उघडून पाहिली, डाव्या हाताने. सगळ्या पाहून झाल्यावर म्हणाली, "लिवा. मी बोलते तसा."

मी टाइप करायला बसलो. ती म्हणाली, "माश्या माज्या नवऱ्यानी मारल्या. वाटा त्यानी काढला. मी दवाखान्यात व्हती." मी लिहिलं आणि तिला दाखवलं. ती चौथी शिकलेली आहे, वाचते. ओळीवरून बोट फिरवत एका शब्दावर थांबली.

"हा 'चुकून' कोनी घातला? मी बोलली का चुकून?"

मी तो शब्द काढला.

"पाठवू?"

"हात लावू नका."

डाव्या हाताने तिने उजवा हात पदराखालून काढला आणि टॅबवर आणून ठेवला. बोट सरळ होईना. एकदा कडेवरून घसरलं. दुसऱ्यांदा भलतीकडेच पडलं आणि सगळ्या टोळीला आधी एक खदाखदा हसणारा चेहरा गेला. इतक्या महिन्यांनी आजीचा पहिला निरोप तो. मी पुढे झालो तर तिने कोपराने मला ढकललं. पुढच्या खेपेला निरोप गेला.

थोड्या वेळाने नागपूरचं उत्तर आलं. आधी तिने आजीची तब्येत विचारली. मग लिहिलं, "आणि तेव्हा घसा बसला होता तो कोणाचा? ठेवलंय म्हणाले ते आजोबा होते का?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी लिहिलं, "हो." त्यावर नागपूरने मला काही लिहिलं नाही, अजूनपर्यंत नाही. बायकोला मात्र तिने माश्यांची एक पेटी आणून दिली.

आता सकाळी चहा झाला की ती बसते. उजव्या हातानेच खेळते, कितीही वेळ लागो. धुरी द्यायची म्हणून बोट टेकवते आणि शेजारचं फूल उपटलं जातं. मग शिव्या, त्या मात्र पूर्वीसारख्या स्पष्ट. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, अंगठा येईल असं वाटतंय, मधलं बोटही कदाचित. "आधीच सुरू झालं असतं तर…" एवढं म्हणून त्या थांबल्या, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे ते कुणाच्या हातात नव्हतं. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मला पेटी उघडायला मनाई आहे. मी गेममधल्या विहिरीवरून फुलांना पाणी आणतो, तेवढं.

"लेकीला कोन सांगनार?" एकदा तिने विचारलं. मी म्हणालो, तू सांग, तिला तुझं पटेल. ती म्हणाली, "मी न्हाय. तुमी बंद केला, तुमीच चालू करा." लेकीने टॅब मागितला होता; तिला आईने सांगितलं, मला लागतो, एवढंच. लेक घरी येऊन गेली, दोनदा मी तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पावसाबद्दल बोललो. म्हणून हे लिहिलं. रविवारी ती येणार आहे, तिच्यासमोर वाचायचं ठरलं आहे.

काल बायकोला वाचून दाखवलं. पंख्याने कागद उडायला लागले तसा तिने त्यांच्यावर उजवा हात ठेवला, आणि मला एकेक कागद त्याच्याखालून ओढून घ्यावा लागत होता. कमानीच्या ठिकाणी तिने मला थांबवलं. तिथे मी आधी लिहिलं होतं की हे सगळं मी तिच्यासाठी केलं.

"खरा हाय का ता?"

"अर्धं," मी म्हणालो.

"मग अर्धाच लिवा."

ते वाक्य मी वर बदललं आहे.