जाकिटाच्या अस्तरामागे

मानवतच्या बसस्थानकामागे एक शिंपी आहे. बोलता बोलता तो खडूने कापडावर आमदाराचं व्यंगचित्र काढतो. ताठ मान, मोठं पोट, समोर हात जोडलेली माणसं. गिऱ्हाईक हसलं की तळहाताने पुसून कात्री चालवतो.

माझ्या दुकानापुढची उघडी नाली झाकायचा शब्द आमदार दर निवडणुकीत देतात. मी चिडून शिंप्याला म्हणालो, "हे भिंतीवर काढ. रंग माझा."

"भिंत त्यांची माणसं पुसतेत, शेठ."

पुढे आमदाराचंच जाकीट त्याच्याकडे शिवायला आलं. त्याने मला हाक मारली. आतल्या कापडावर, डाव्या छातीपाशी, खडूने काढलेली ती नाली होती आणि काठावर अर्ज धरून मी.

"माझं नाक एवढं मोठं?"

"रागात लय फुगतंय."

चित्र न पुसता त्याने वरून अस्तर शिवलं. "ऱ्हावा आता साहेबाच्या काळजापाशी."

रविवारच्या सभेत आमदार तेच जाकीट घालून बोलत होते. नाली अजून उघडीच आहे. तरी मी शेवटपर्यंत बसलो. ऊन चढत होतं, आणि त्यांना घाम येऊ नये एवढंच मला वाटत होतं.