सिग्नलपाशी उभे वानखडे साहेब

कुठलाही रस्ता वानखडे साहेब आधी उकिडवे बसून पाहायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, एक गुडघा कायमचा दुखरा, आणि हा माणूस भर रहदारीत कडेला जाऊन खाली बसणार. मी अमरावतीहून अकोल्याला नोकरीला आले, त्या आठवड्यात हे पहिल्यांदा पाहिलं. साहेबांना भोवळ आली असं वाटून पाण्याची बाटली घेऊन धावले. "पानी नको मले," ते म्हणाले. "तू बस इथं. बस, बस. ड्रेस मळला त धुता येते."

बसले. करते काय? तिथून रस्ता दिसतच नव्हता. उभ्या असलेल्या ऑटोंची चाकं तेवढी दिसत होती. "पयलीतल्या लेकराले एवढंच दिसते," साहेब म्हणाले. "नकाशा आपण काढतो, अन् रस्ता ते ओलांडते." मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन, गुडघ्याला दोन शिव्या घालून ते उठले.

ज्या रस्त्यामुळे मला साहेब खरे कळले, तो एका शाळेसमोरचा. शाळेचं फाटक थेट हमरस्त्यावर उघडतं. समोरच्या बाजूला रुखसानाबाईंचं शिवणकामाचं दुकान. त्यांची मुलगी त्याच शाळेत. एका दुपारी शाळा सुटल्यावर ती आईच्या दुकानाकडे पळत निघाली आणि एका मालट्रकनं तिला उडवलं. पोर वाचली, पण पाय मोडला. पालक चिडले, निवेदनं आली, आणि रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी तिथे सिग्नल हवा की नको, हे ठरवायचं काम आमच्या रस्ते खात्याकडे, म्हणजे साहेबांकडे आलं.

मला त्यात ठरवण्यासारखं काही दिसत नव्हतं. मुलीचा पाय मोडला आहे, सिग्नल लावा, संपलं! साहेब मात्र बरेच दिवस जाऊन बसत राहिले, कधी फाटकाच्या अलीकडे, कधी पलीकडे. शेवटी सगळ्यांसमोर, मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत, त्यांनी सांगून टाकलं की सिग्नल नको. शाळेचं फाटक मागच्या गल्लीत न्या, इथे ओलांडायच्या जागी रस्ता उंच करून घ्या, म्हणजे गाड्यांचा वेग कमी होईल.

खोलीत एकच गलका झाला. साहेब शांत होते. "बाजूनं गाडी येत असन त ड्रायव्हर थांबते. इथं बाजूचा रस्ताच नाई. दिवा लाल झाला तरी तो म्हनन, कोन येऊन राह्यलं? अन् लेकरू बिचारं दिव्यातला हिरवा मानूस पाहून पाय टाकन. आता ते गाडीले भेते. दिवा लावला का भेनं सुटन त्याचं."

खरं सांगायचं तर मला ते पटलं.

रुखसानाबाईंना पटलं नाही. त्या मागे उभ्या होत्या, गळ्यात मापाची टेप तशीच. "साहब, फाटक हलवाले किती वर्सं लागतीन? तवरोक काय माह्या पोरीनं गाडीले भेतच जावं? दिवा लागला त एक तरी थांबन ना!"

"बाई, दिवा कोनाले थांबवत नाई. मानूस थांबवते."

"मंग तुमीच उभे राहा," त्या म्हणाल्या.

साहेबांना तोंडावर असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आता पेटणार, असं वाटलं. ते फक्त चष्मा पुसत बसले.

साहेबांनी आपलं मत लेखी दिलं. वरच्यांनी ते बाजूला ठेवून सिग्नल मंजूर केला. फाटक जिथल्या तिथे राहिलं. मला वाटलं, आता साहेब या कामात लक्ष घालणार नाहीत. घातलं, आणि असं घातलं की ठेकेदार रडकुंडीला आला. दिव्यासमोर झाडाची फांदी येते, तोडा. खांब लेकराच्या आड येतो, सरकवा. हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा हे ठरवायला त्यांनी बालवाडीतली एक गुबगुबीत मुलगी निवडली, तिच्या पाठीवर दप्तर दिलं आणि तिच्या चालीनं स्वतः लंगडत रस्ता ओलांडला. मध्येच तिची चप्पल निघाली. "हेबी धराचं," साहेब म्हणाले, "चप्पल निघतेच." मी विचारलं, तुमचा तर विरोध होता ना? तर म्हणाले, "विरोध होता. मंग काम का वाकडं करू?"

सिग्नल सुरू झाला आणि त्याच सुमारास साहेब निवृत्त झाले. पुढच्या सोमवारी मी तिकडून जात होते, तर खांबाशी साहेब! हातात काळी छत्री, ऊन नाही, पाऊस नाही.

"साहेब, इथं काहून उभे?"

"मी चुकलो का नाई, ते पाहून राह्यलो," ते म्हणाले. "चुकलो पाह्यजे ना बाप्पा! ज्या दिवशी गाड्या आपल्या मनानं थांबतीन, त्या दिवशी पेढे देतो तुले."

तेवढ्यात दिवा लाल झाला आणि एक मोटारसायकलवाला पुढे सरकला. साहेबांची छत्री त्याच्या छातीसमोर आडवी. "काबे, डोये घरी ठेवून आला काय? दिवा दिसून नाई राह्यला?" पुण्याकडच्या माणसाला हे भांडण वाटलं असतं. आमच्याकडे ही विनंती असते. मोटारसायकल मुकाट मागे गेली आणि पोरं ओलांडून गेली.

हे रोजचं झालं. शाळा भरताना आणि सुटताना साहेब खांबापाशी हजर. गाड्या थांबू लागल्या, अगदी शहाण्यासारख्या. साहेब खूश. शेवटी मला राहवलं नाही. "साहेब, गाड्या दिव्याला नाही थांबत. तुमच्या छत्रीला थांबतात."

त्यांचा चेहरा पडला. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं! "मंग कसं समजन?" त्यांनी विचारलं. एवढा हुशार माणूस, पण प्रश्न लहान मुलासारखा होता.

मी म्हटलं, एक दिवस लपून पाहा. दुसऱ्या दिवशी साहेब रुखसानाबाईंच्या दुकानात, टांगलेल्या परकरांच्या मागे जाऊन बसले. मीही होते. दिवा लाल झाला. दोन गाड्या थांबल्या. तिसरी जरा पुढे आली, जरा म्हणजे जराच, आणि साहेब परकर अंगावर घेऊनच रस्त्यावर! दुखऱ्या गुडघ्यासकट धावत. रुखसानाबाई मशीनवर डोकं टेकून हसल्या. "तुमच्यानं होत नाई, साहब," त्या म्हणाल्या. साहेब परकर झटकत परत आले. "कसं होईन, बाई? मी खरा ठरलो त लेकराचा पाय जाईन."

त्यानंतर कुणी पेढ्यांचं नाव काढलं नाही. ऊन असो, थंडी असो, साहेब उभे.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असताना साहेब गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच शाळा कधी उघडणार, हा विचार डोक्यात आला.

शाळा उघडली त्या दुपारी मी गेले. खांबाशी कुणी नव्हतं. घंटा झाली, पोरं फाटकात गोळा झाली, दिवा लाल झाला. एक ऑटो थांबला. मागे टेम्पो थांबला. एक मोटारसायकल रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर येऊन थांबली आणि चालवणाऱ्यानं आपणहून पायानं ढकलत ती मागे घेतली. सगळी पोरं ओलांडून गेली. रुखसानाबाई दुकानाच्या पायरीवर आल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. "सकाळीबी थांबले," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या.

मी पेढे घेतले आणि तशीच साहेबांच्या घरी गेले. तेरावा व्हायचा होता. ओसरीवर नातेवाईक बसलेले. सुतकाच्या घरात मिठाईचा बॉक्स पाहून एका वयस्कर गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की पाय मागे फिरावेत.

काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, आतून आल्या. "काय आनलं, बाई?"

"पेढे. काकू, साहेब चुकले."

त्यांनी बॉक्स हातात घेतला. मग म्हणाल्या, "जलमभर मी म्हनत होती का तुमी चुकता, तवा नाई ऐकलं." आणि हसता हसता रडू लागल्या.

"सुतकात गोड?" ते गृहस्थ म्हणाले.

"त्याईचे हायत. त्याईले कुठचं सुतक?" काकूंनी बॉक्स उघडून एक पेढा फोटोपुढे ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. "गाड्या खरंच थांबल्या? कोनी उभं नसताना?"

"थांबल्या, काकू."

"मंग बसू दे आता त्याईले," काकू म्हणाल्या. "लय गुडघा दुखे त्याईचा."