टांगेवाल्याने दिलेली तिथी

"अहो, त्याला म्हणावं घोडा पळव!" भोसरीच्या वाटेवर टांग्यात बसलेली माझी बायको अशी ओरडली, की शेतातली पाखरं उडून थेट आळंदीला जाऊन बसली.

टांगेवाल्याने वळूनही पाहिलं नाही. "वैनी, दमानं घ्या. दसऱ्याला अजून महिना हाय."

चिंचवड स्टेशनवरच्या या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. पण बाळंतपणाची तिथी सांगण्यात त्याचा एवढा दरारा, की त्याला विचारल्याखेरीज पोटातली पोरं कूस बदलत नसत. गरोदर बाई टांग्यात चढली, की तो डोळे मिटून स्प्रिंगांची कुरकुर ऐकायचा, बोटांवर महिने मोजायचा आणि तिथी ठोकून द्यायचा. आम्हाला त्याने दसरा दिला. कारखान्यातल्या साहेबानेही त्याच्या शब्दावर मला दसऱ्याचीच रजा दिली. आणि गणपती बोळवतो न बोळवतो तोच कळा सुरू झाल्या, म्हणून मी पहिलटकरणीला घेऊन तिच्या माहेरी धावत सुटलो होतो.

सासूबाईंचं दार दिसू लागलं आणि टांग्यातच मुलगी झाली. तिने असा टाहो फोडला, की तो घोडा जन्मात पहिल्यांदा पळाला.

बारशाची बर्फी द्यायला गेलो तेव्हा मी म्हटलं, "राव, यंदा श्रावण दोन आले. मोजताना अधिक महिना विसरलात की!"

"इसरतोय कशाला?" बर्फी तोंडात टाकत तो म्हणाला. "त्या महिन्यात लग्नं नसत्यात, टांग्याला गिऱ्हाईक नसतं. आमी तो महिना धरतच न्हाई."