तिसरी तार

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो, आणि आमचं ऐकून लालबागची ती सगळी चाळच त्यांना आबा म्हणू लागली होती. ते परळच्या एका गिरणीत वायरमन होते. चाळीत कुणाचा दिवा गेला, कुणाच्या रेडिओच्या प्लगातून ठिणगी उडाली, की माणूस आमच्या दारात उभा. आबा जेवत असले तरी हात धुऊन उठत.

त्या काळी आमच्याकडे वीज म्हणजे खोलीला एक दिवा. पण हळूहळू वस्तू यायला लागल्या होत्या. कुणाकडे टेबलफॅन, कुणाकडे विजेची शेगडी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका कारकुनाकडे विजेची इस्त्री. या लोखंडी वस्तूंची आबांना काळजी वाटे, कारण चाळीला अर्थिंगच नव्हतं. ते सगळ्यांना त्याच त्या शब्दांत समजावून सांगत. दोन तारा कामाच्या, एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. तिसरी तार वाट चुकलेल्या विजेला जमिनीत नेऊन सोडते. ती नसली तर वाट चुकलेली वीज माणसातून जमीन गाठते.

मालकाच्या कचेरीत त्यांनी दोनदा सांगून पाहिलं होतं. अंगणात खड्डा खणा, तांब्याचा पत्रा पुरा, कोळसा आणि मीठ भरा, तिथून प्रत्येक मजल्यावर तार आणा. मुनीम बघू म्हणाला. मग आबांनी तेव्हा सगळीकडे करत तेच केलं. पाण्याचा नळ लोखंडी, खालून जमिनीतून येऊन प्रत्येक मजल्यावरच्या मोरीत निघालेला. त्यांनी नळावरचा रंग खरवडला, पट्टी आवळली आणि ज्यांच्याकडे अशा वस्तू होत्या त्या नऊ खोल्यांमधून तिसरी तार आणून तिथे बांधली. दोन रविवार यात गेले. आबा स्वतःच्या कामाबद्दल कधी काही बोलत नसत, पण त्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आईला म्हणाले होते, आता मला झोप लागेल.

आमच्या समोरच्या खोलीत एक मालवणकडचं जोडपं राहायचं. तो गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर कामाला. तिला मी वहिनी म्हणायची. वीस-एकवीस वर्षांची असेल. चौथी शिकलेली होती, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत तिचं हे चार यत्तांचं शिक्षण चाळीतल्या बायकांच्या फार उपयोगी पडलं. पुरुष सभांना जात, मोर्च्यांना जात. बायकांना काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. वहिनी दुपारी गॅलरीत बसून पेपर मोठ्याने वाचायची. पोथी वाचावी तशी, एका लयीत. बायका तांदूळ निवडता निवडता हात थांबवून ऐकायच्या. अडलेला शब्द ती मला विचारायची, कारण मी सातवीत होते. "केंद्रशासित म्हणजे काय गो?" तिने एकदा विचारलं. मलाही येत नव्हतं. मी आबांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे आमची मुंबई आमका नायच, आणि पुढे वाचू लागली.

त्याच आठवड्यात खालच्या नळाला गळती लागली. प्लंबरने जमिनीजवळचा गंजलेला तुकडा कापून काढला, तेवढ्याच मापाचा नवा करून आणायला तो घेऊन गेला, आणि तोवर पाणी अडू नये म्हणून दोन टोकांमध्ये रबरी नळी घालून तारेने घट्ट बांधली. उद्या येतो म्हणाला. त्याच संध्याकाळी गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. प्लंबर येणं शक्यच नव्हतं. पाणी मात्र नेहमीसारखं येत होतं, त्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती. पाणी रबरातून जातं, वीज जात नाही, हे चाळीत एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि त्या दिवसांत त्याच्या मनात गोळीबार होता, रस्त्यात पडलेली माणसं होती, बंद पडलेली गिरणी होती.

तीन दिवसांनी सकाळी कर्फ्यू उठला. कचेऱ्या उघडणार म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या कारकुनाने शर्टाला इस्त्री करायला घेतली. इस्त्रीच्या आतला, विजेला अडवणारा अभ्रक फुटला होता, वीज बाहेरच्या लोखंडात उतरत होती. आबांच्या तारेने तिला नळावर आणून सोडलं. नळाचा जमिनीशी संबंध तुटलेला. इस्त्रीला लाकडी मूठ होती, कारकुनाला काहीच कळलं नाही.

आमच्या मजल्यावरच्या मोरीत वहिनी कळशी भरत होती. मी बादली घेऊन तिच्या मागे उभी होते. कळशी भरली म्हणून तिने नळ बंद करायला हात घातला आणि तो हात सुटेचना. ती ओरडली नाही. घशातून नुसता एक आवाज आला, अंग ताठ झालं आणि तशीच नळाला धरून ती ओल्या फरशीवर गुडघ्यांवर आली. मी बादली टाकून पुढे झाले. एवढ्यात आबा दारातून धावत आले. त्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं.

"कुणी हात लावू नका. कुणीही."

मेन स्विच तळमजल्यावर जिन्याखाली होता. आबा जिने उतरत होते तो आवाज मला ऐकू येत होता, आणि वहिनी माझ्यासमोर होती. मग तिचा हात सुटला आणि ती आडवी झाली. आबा परत वर आले, तिची छाती दाबत राहिले, गिरणीत शिकवलं होतं तसं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दहाच्या सुमारास नवा तुकडा खांद्यावर घेऊन प्लंबर आला आणि खाली गर्दी बघून दारातच थांबला.

पोलिसांना त्या दिवसांत दुसरी कामं होती. एक हवालदार आला, पंचनामा झाला, अपघाती मृत्यू असं लिहिलं गेलं. जमावबंदी चालूच होती, म्हणून स्मशानात मोजकेच लोक गेले. वाटेत लोक थांबून हात जोडत होते, त्यांना वाटत होतं गोळी लागून गेलेलं कुणी असेल. वहिनीच्या नवऱ्याने प्रत्येकाला सांगितलं, नाही, नळावर गेली. मग लोक हात खाली घेत.

त्या संध्याकाळी आबा त्याच्याकडे गेले. मी दारात होते. आबांनी सगळं नीट समजावून सांगितलं, इस्त्री, तार, रबरी नळी, काहीही वगळलं नाही. शेवटी म्हणाले, "तीन दिवस मी त्या नळीवरून पाय टाकून जात होतो. माझ्या तारेने गेली ती."

तो म्हणाला,

"तुमी बऱ्यासाठीच केलात, आबा. आता काय बोलाचा?"

आबा उठून आले. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं, असं ते आईला म्हणाले. महिन्याभरात तो खोली सोडून गावी गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

आबांनी नऊच्या नऊ तारा काढल्या. लोक म्हणाले, आता नळ पूर्ववत जोडलाय, राहू द्या. आबा म्हणाले, उद्या परत कुणीतरी खोलेल. पण तारा काढल्यावर वस्तू पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या, तिसऱ्या तारेवाचून. हे त्यांना कळत होतं. तार ठेवली तरी धोका, काढली तरी धोका. खरा उपाय तो अंगणातला खड्डाच, आणि तो मालकाच्या हातात. ते अर्ज लिहू लागले. अक्षर चांगलं म्हणून मी लिहायची आणि ते सांगायचे. कचेरीतून कधी उत्तर आलं नाही. एकदा ते स्वतः गेले तेव्हा मुनीमाने ऐकवलं की बाई तुमच्याच तारेने मेली ना, मग आम्हाला काय शिकवता.

चाळीत कुणाचा दिवा गेला तर ते आता उठत नसत. बाहेरचा वायरमन बोलवा म्हणत. महाराष्ट्र झाला तेव्हा गल्लीतली मुलं रोषणाईसाठी त्यांना बोलवायला आली. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस होता. आबांनी मुलांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणीतरी माळा लावल्या. खाली पेढे वाटत होते, फटाके वाजत होते. आबा खोलीतच बसले होते. मी पेपर घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि वाचून दाखवू का विचारलं. ते म्हणाले, मनात वाच.

मग माझं लग्न झालं, मी दादरला गेले. माहेरी आले की मोरीत जायच्या आधी खाली जाऊन नळाच्या बुडाशी बघून यायची. आबा निवृत्त झाल्यावर तिसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं, फ्रिज घेऊन. त्यांच्या माणसाने फ्रिजची तिसरी तार आणून नळाला बांधली. आबा काठी टेकत वर गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, काढतो म्हणाले. तार तशीच राहिली. आबा आणखी दोनदा वर गेले. तिसऱ्यांदा दार उघडलं नाही.

त्यानंतर ते आईला नळावर जाऊ देत नसत. स्वतः जायचे, रबरी चप्पल घालून, आणि हाताची पालथी बाजू आधी नळाला लावून बघायचे. पालथ्या हाताला झटका बसला तर हात आवळून धरत नाही, मागे येतो. मी त्यांना म्हटलं, हे काही अर्थिंग नव्हे. ते म्हणाले, माहीत आहे.

आबा गेले ते साध्या तापाने. त्यांच्या ट्रंकेत अर्जांच्या प्रती सापडल्या, माझ्या अक्षरातल्या, आणि माझ्या लग्नानंतर त्यांनी स्वतः लिहिलेल्या. त्या मी कचेरीत नेऊन दाखवायच्या ठरवल्या होत्या. मी गेले तेव्हा मालक बदलला होता आणि चाळ पाडायचं चाललं होतं. तिथला माणूस म्हणाला, आता कशाला खड्डा खणायचा. चाळ त्यानंतरही बावीस वर्षं उभी होती.