शेवंतीला हलगी माहीत नव्हती

"ताई, यंदा तू जत्रेला आलीच पाहिजे. तू नसशील तर मी घोडी मैदानात उतरवत न्हाई," असं विलास फोनवर म्हणाला आणि मी बॅग काढली. विलास माझा मावसभाऊ. भोकरदनच्या अलीकडे एका लहान गावात त्याची शेती आहे, आणि शेवंती नावाची पांढरी घोडी. माघ सरताना तिथल्या जत्रेत घोड्या नाचवायच्या स्पर्धा होतात. लग्नाच्या वरातीत नाचणारी घोडी तुम्ही पाहिली असेलच. तेच, पण पंच, गुण आणि फेट्यांसह.

कोणाला जायचं असेल त्यांच्यासाठी आधी रस्ता सांगते. पुण्याहून सकाळची औरंगाबाद गाडी धरायची, तिथून जालना, आणि जालन्याहून राजूरमार्गे भोकरदन. एसटीने फार खर्च येत नाही, वेळ मात्र अख्खा दिवस जातो. राजूरला गणपतीच्या दर्शनासाठी अर्धी गाडी रिकामी होते, तेव्हा खिडकीची जागा मिळते. फेब्रुवारीत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते, मधे हरभरा. भोकरदनला साधा लॉज आहे. गावात राहायची सोय नाही, ओळखीचं घर असलं तर उत्तम.

राजूरनंतर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. मांडीवर रेवड्यांची पुडी.

"कुठं चाल्ल्या ताई?"

"जत्रेला. घोड्या बघायला."

"मंग आमच्या दिराची बघा. लई भारी नाचती. गावात कुठं बी हलगी वाजू द्या, खुंट्याला बांधल्या बांधल्या नाचती."

"तिला आवडत असेल."

"आवडायचं काय त्याच्यात?" बाई हसल्या. "शिकवल्यालं हाये."

कसं शिकवतात ते मला माहीत होतं. घोडीला दोन खांबांच्या मधे दोन्ही बाजूंनी आवळून बांधतात. एकजण समोर हलगी वाजवतो, दुसरा त्याच तालावर तिच्या नडग्यांवर काठी मारतो. पाय उचलला की काठी चुकते. काही महिन्यांनी काठी लागतच नाही, नुसती हलगी पुरते. पाहणारे म्हणतात, काय तालाचं अंग आहे!

मी यातलं बोलू शकते कारण माझं अर्धं आयुष्य घोड्यांजवळ गेलं. पुण्याच्या एका क्लबात मी ड्रेसाज शिकले, पुढे मुलांना शिकवलं. ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या अगदी बारीक इशाऱ्यावर घोड्याने पावलं टाकणं. पायाचा हलका दाब, बोटाची हालचाल, बाहेरच्याला दिसूही नये असं. घोडा आणि माणूस यांचं हे बोलणं आहे, असं आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मग स्पर्धा आल्या. हनुवटी छातीला टेकेपर्यंत लगाम ओढून घोडे फिरवलेले मी पाहिले. नाकावरचा पट्टा इतका आवळलेला की जबडा हलू नये, आणि जबडा हलत नाही म्हणून चांगले गुण. मी क्लब सोडला. कोणी थांबवलं नाही.

म्हणून या जत्रेच्या दोन वर्षं आधी विलासने ही घोडी विकत घेतली आणि "काठी न लावता शिकवता येतं का गं?" असं विचारलं, तेव्हा माझ्या आवाजात जे आलं असेल ते त्याला फोनवरही कळलं असणार. दर रविवारी आम्ही बोलायचो. काय केलं, तिने काय केलं, कुठे थांबायचं.

संध्याकाळी पोचले तेव्हा शेवंती रानात मोकळी होती. विलासने जिभेने टाळूवर टक् केलं. ती मान वर करून आली. त्याने खांद्याला बोट लावलं आणि तिने पुढचा पाय उचलला, क्षणभर हवेत ठेवला, मग दुसरा. दोर नाही, लगाम नाही. तो चालू लागला तशी ती त्याच्यामागे पावलं उचलत निघाली, आणि तो थांबला तशी थांबून त्याच्या मानेत फुरफुरली.

"बघा," विलासची बायको सुनीता मला म्हणाली, "माझ्याशी दिवसातून दोन शब्द बोलत न्हाईत. हिच्याशी रानात तास तास गप्पा."

"ती उलटून बोलत न्हाई," विलास म्हणाला.

मी खूप दिवसांत इतकं नितळ काम पाहिलं नव्हतं. सुनीताने ज्वारीचे धपाटे आणि दही वाढलं. जेवताना विलास म्हणाला, "ताई, गाव दोन वर्षं हसून राह्यलं. विलासची म्हैस म्हणतेत हिला. थोरला भाऊ म्हणतो, घोडी मैदानात चालली न्हाई तर वस्तादाच्या खांबाला दे. मी त्याला सांगितलं, यंदाची जत्रा बघ. न्हाई चालली तर देतो."

"असं का कबूल केलंस?"

"चालणारच हाये ना," तो म्हणाला. त्याला खात्री होती. मलाही.

दुसरा दिवस जत्रेचा. जाणार असाल तर सकाळीच जा, उन्हाच्या आत. मंदिरामागे नांगरून सपाट केलेलं मैदान आहे, कडेला भज्यांच्या कढया, गोडीशेव, बांगड्यांची दुकानं. बायका बसतात ती बाजू पूर्वेला, तिथे कडुनिंबाची सावली मिळते. पाणी घरून न्या.

घोड्या शिकवणारे ते वस्ताद मला तिथेच भेटले. विलासने ओळख करून दिली. पन्नाशीचा उंच माणूस, रेशमी फेटा, हातात पातळ वेत. तालुक्यातल्या निम्म्या घोड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या.

"पुण्याच्या मास्तरीणबाई ह्याच का?" त्यांनी हात जोडले. "ऐकलंय तुमच्याबद्दल. एक सांगा, तुमच्याकडं मोठ्या स्पर्धेत घोड्याच्या तोंडात लोखंड किती असतं?"

मोठ्या स्पर्धेत लगामाची दोन लोखंडं असतात. मला ते म्हणावं लागलं.

"आमच्यात एकच," वस्ताद म्हणाले आणि भोवतालचे हसले. "पण तुमचं साहेबाचं हाये. बराबर."

पहिल्या घोड्या आल्या. घुंगरांनी गुडघ्यापर्यंत पाय मढवलेले, मान लगामाने मागे खेचलेली, तोंडाला फेस. पंचांपैकी एकाने माइकवरून सांगितलं, "फेस बघा मंडळी, घोडी तापली म्हणजे काय ते बघा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या क्लबातही फेस आलेलं तोंड शुभलक्षण मानत. इंग्रजीत म्हणत, एवढाच फरक. एका घोडीला लाकडी बाजेवर चढवलं, चारही पाय त्या चौकटीत, आणि ती तिथेच उड्या घेत राहिली. माझ्या शेजारची लहान मुलगी आईला म्हणाली, "ती रडून राह्यली." आई म्हणाली, "घाम हाये तो."

मग शेवंती.

इथला नियम असा की हलगी जत्रा कमिटीची. धन्याने लांब दोर धरून उभं राहायचं. हात लावायचा नाही, तोंडाने आवाज करायचा नाही. घोडीने फक्त हलगीवर नाचायचं. हे विलासला माहीत होतं. मला त्याने सांगितलंही होतं, आणि मी म्हणाले होते की हलगी नंतर बघू, आधी ती तुझं ऐकू दे. काठी आणि हलगी आमच्या डोक्यात इतकी एक झाली होती की आम्ही दोघांनी हलगी तिच्यापासून लांबच ठेवली. आपोआप जमेल असं काहीतरी वाटलं होतं. बोट लावलं की उचलते, तर हलगी वाजली की का नाही उचलणार?

हलगी कडकडली. शेवंतीने कान टवकारले. ती घाबरली नाही. दोर घेऊन सावकाश हलगीवाल्यापर्यंत चालत गेली आणि तिने हलगीचा वास घेतला. तो मागे सरकत वाजवत राहिला, ती त्याच्यामागे. मग ती पंचांच्या टेबलाकडे वळली आणि तिथला झेंडूचा हार खाऊ लागली.

मैदान फुटलं हसून. "म्हैस सोडली रे!" "धार काढ, विलास, धार काढ!" माइकवाला म्हणाला, "पाहुण्यांचा हार खाल्ला, आता पाहुण्यांना काय घालायचं?" पुरुष एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते. विलास दोराचं टोक धरून उभा होता. त्याने टक् केलं नाही. नियम मोडला नाही.

त्या अख्ख्या मैदानात न घाबरलेला एकच प्राणी होता. मला ओरडून ते सांगावंसं वाटलं. पण कोणाला?

स्पर्धा बाजेवरच्या घोडीने जिंकली. घरी परतताना विलास शेवंतीच्या पुढे चालत होता, तिच्या बाजूने नाही. ती मधेच पुढे होऊन त्याला नाक लावायची. तो हात बाजूला घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर खुंटा रिकामा. सुनीता चुलीशी होती. "गेले घेऊन," ती वर न बघता म्हणाली. "थोरले भाऊजी आल्ते उजाडता उजाडता. ह्यांनी शब्द दिल्ता म्हणाले."

वस्तादाचं घर गावाच्या टोकाला. मी चालत गेले. मागच्या अंगणात दोन खांब आहेत, मधे जमीन टापांनी उकरलेली. शेवंती मधे बांधलेली होती, विलास खांबाशी उभा. अजून काही सुरू झालं नव्हतं. मला पाहून ती हलकं खिंकाळली.

"विलास, एक वर्ष दे," मी म्हणाले. "हलगी शिकवू तिला. तशीच, हळूहळू. मी इथे येऊन राहते."

"अन् पुढच्या जत्रेला आणखी कायतरी राहील शिकवायचं."

"मग मला दे. मी पुण्याला नेते."

"तिथं काय करशील ताई? दोन लोखंडं घालशील?" त्याचा आवाज चढला नव्हता. "तू सोडून आलीस ना ते? मंग? तू सोडू शकतीस. मला इथंच राहायचंय. जल्दी जा, तुझी गाडी चुकंल."

वस्तादांनी मध्ये बोलून मला चिडवलंही नाही. ते हलगीवाल्याची वाट बघत होते. मी शेवंतीच्या कपाळाला हात लावला, आणि लावायला नको होता असं लगेच वाटलं, कारण तिने ते खेळ समजून पुढचा पाय उचलला.

भोकरदनला गाडी वेळेवर मिळाली. येताना औरंगाबादला थांबायचं, लेणी बघायची असं ठरवलं होतं. थांबले नाही.

याला आता दहा महिने झाले. मधे विलासशी फोनवर पिकापाण्याचं बोललो, घोडीचं नाही. गेल्या आठवड्यात त्याने एक व्हीसीडी पाठवली. मंठ्याच्या बाजूच्या कुठल्याशा गावातली स्पर्धा. शेवंती पहिली आली आहे. मागून फोन आला. "बघितली का? खरं सांग, कशी हाये? तुला कळतं म्हणून विचारून राह्यलो." लहानपणी मला चित्र दाखवायचा तसाच आवाज. मी म्हणाले, चांगली आहे. खोटं बोलले नाही. पावलं एकसारखी उचलते, मागचे पाय अंगाखाली घेते, तालात एक चूक नाही. मी पंच असते तर मलाही गुण कापायला जागा सापडली नसती. "माझ्याजवळ येत न्हाई आता फारशी," तो मग म्हणाला. "पण काम बराबर करती."

ही व्हीसीडी मी पुन्हा पुन्हा पाहिली, कधी आवाज बंद करून. तुमच्यापैकी काहींनी जत्रा कशी आहे, जावं का, असं विचारलंय. जा. माणसं चांगली आहेत, जेवायला आग्रह करतात, भजी गरम मिळतात. मैदानावर सगळे घोडीचे पाय बघतात. तुम्ही हलगीवाल्याचा हात बघा. शेवंतीचा पाय हलगी वाजल्यावर उचलत नाही. त्याने हात वर नेला की, आवाज व्हायच्या आधीच, उचलतो.