इश्वरभाऊच्या पट्ट्यांची तार

माझ्या अंगणातून इश्वरभाऊ कापगत्यांचं अंगण असं दिसतं, की मधलं काट्यांचं कुंपण निव्वळ नावाला. त्या घरात भाजी कोणती शिजली, पाहुणा कोण आला, नवराबायकोचा अबोला कितव्या दिवसात गेला, सगळं मला शिलाई मशीनवर बसल्या बसल्या कळायचं. आता कळत नाही. मागच्या उन्हाळ्यात दोघं भंडाऱ्याला राहायला गेले, पोराकडे, सचिनच्या फ्लॅटात. पेरूच्या झाडापासून विहिरीच्या खांबापर्यंत बांधलेली त्यांची तार मात्र तशीच आहे. रिकामी. सकाळी दात घासताना माझी नजर अजून आधी तिकडेच जाते.

त्या तारेवर चार वर्षं पांढऱ्या चौकोनी गाद्या वाळत असायच्या. काही तळहाताएवढ्या, काही ताटाएवढ्या. गावात नवी सून आली की हळूच विचारायची, "त्या घरी तान्हं लेकरू हाये का जी?"

मी सांगायचो, "हाये ना. साठ वर्षांचं."

इश्वरभाऊ सरकारी आरोग्य केंद्रात ड्रेसर होते. एकतीस वर्षं जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. चिकटलेली पट्टी त्यांनी कधी ओढली नाही. तिच्यावर कोमट पाणी सोडायचे आणि रोग्याशी धानाच्या, बैलांच्या गप्पा मारत बसायचे, पट्टी आपोआप सुटेपर्यंत. डॉक्टर म्हणायचे, "इश्वर, लाइन बाहेरपर्यंत गेली." भाऊ म्हणायचे, "जाऊ द्या जी, पट्टी अजून रुसून हाये."

आणि त्यांचा युनिफॉर्म! तो रुखमिणी वहिनींचा विषय. वहिनी रोज भाताची पेज काढून ठेवायच्या आणि पांढरा सुती कपडा दिसला की त्या पेजेची कांजी करून त्यात बुडवायच्या. भाऊंची पँट अशी कडक, की सायकल चालवताना तिचा आवाज व्हायचा. मी कुंपणावरून ओरडायचो, "भाऊ, तब्येत बरी नसली तर रजा कायले टाकता? पँट पाठवून द्या. एकटी उभी राहीन ड्युटीवर."

वहिनींचा उजवा पाय हत्तीपायाचा. आमच्या भागात ह्या सुजेचं नवल नाही, घराआड एक पाय सापडतो. त्या तशाच पायानं धानाच्या रोवण्याला जायच्या, पाणी भरायच्या, मला शिव्याही द्यायच्या. पण भाऊ रिटायर झाले त्याच वर्षी घोट्याच्या वर जखम झाली आणि ती भरेचना. दिवसरात्र पाझरायची. बांधलेली पट्टी दोन-तीन तासांत ओली.

पुढचं माझ्याच घरी घडलं. पोरीचा साखरपुडा होता. वहिनी बायकांत सतरंजीवर बसल्या होत्या. उठल्या, तर खाली हाताएवढा ओला डाग. कोणाचं तरी कार्टं म्हणालं, "आजीनं पाणी सांडवलं." वहिनी पुन्हा खाली बसल्या, डागावरच. सगळे जेवून गेले, मंडप रिकामा झाला, तरी बसून होत्या. बायको ताट घेऊन गेली तर म्हणाल्या, "भूक नाई."

त्यानंतर त्यांनी कोणाकडे जाणंच सोडलं. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरली. त्या दिवशी दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, दुपारभर दंडार चालते, नाचणारे आणि गाणारे आमचेच. वहिनी चाळीस वर्षं दंडारीत पहिल्या ओळीत बसलेली बाई. त्या वर्षी दाराला आतून कडी.

भाऊ माझ्या मशीनजवळ येऊन बसले. "टेकचंद, एकतीस वर्षं लोकायचे पाय बांधले गा. अन् घरचा पाय दारामांगं बसून राहिला."

मी मशीन थांबवलं.

"पुढच्या मंडईले तिले बसवतो," ते म्हणाले. "सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. तेवढं पाणी पिणारी पट्टी कराची. शिवून दे तू."

विकतच्या मोठ्या पट्ट्या त्यांनी आणून पाहिल्या होत्या. चांगल्या होत्या, पण ह्या पायाला रोज लागणार, तेवढा खर्च झेपणारा नव्हता, आणि घोट्याच्या वळणावर त्या बसायच्या नाहीत. दवाखान्यातल्या कामिनी सिस्टरनं एकच अट घातली, "जखमेला लागेल ती गॉज नवीन, निर्जंतुक. त्याच्यावरचा पॅड तुम्ही काय करायचा तो करा. पण रोज उकळायचा."

मग सुरू झालं. लाखनीच्या गादीवाल्याकडून कापूस आणला. भाऊंनी त्याचा गोळा पाण्याच्या लोट्यात टाकला. गोळा ऐटीत तरंगत राहिला.

मी म्हटलं, "भाऊ, कापसाले पोहणं शिकवून राहिले का?"

"बुडाले पाहिजे गा. कापसाच्या अंगावर तेलासारखं असते. ते गेल्याबिगर तो पाणी पीत नाई."

धुण्याच्या सोड्यात कापूस उकळला, धुतला, वाळवला, पुन्हा लोट्यात टाकला. भाऊ मोठ्यानं आकडे मोजायचे. गोळा दहाच्या आत तळाला गेला पाहिजे. पहिल्यांदा चाळीसला गेला, मग पंचविसाला. आठला गेला त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला, साखर विसरून.

पण जखमेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा दाट. मग भाऊंनी वहिनींच्या चुलीवरची पेज पळवली. पॅडवर पेज ओतायची, पायाचा भार म्हणून वर वीट ठेवायची, आणि खाली कागद ओला कधी होतो ते पाहायचं. वहिनी आतून ओरडायच्या, "विटेले पेज पाजता, मले वाटीभर ठेवत जा ना जी!" उकळल्यावर कापसाचे गोळे व्हायचे, म्हणून मी पॅडला गोधडीसारखे आडवेउभे टाके घातले. जुन्या धोतराचं कापड बाहेरून, कापूस मधे. पुढचा पावसाळा संपता संपता एक पॅड असा जमला, की सकाळी ओतलेली पेज संध्याकाळपर्यंत खाली उतरली नाही. भाऊंनी वीट उचलून मला कागद दाखवला, पोराची मार्कशीट दाखवावी तसा.

आणि इथंच घोडं अडलं. नवा पॅड भरपूर प्यायचा. धुवून पुन्हा बांधला की तासाभरात पायाच्या कडेनं ओघळ. पेज ओतून पाहिली तर अळूच्या पानावरून जावी तशी घसरली. मंडई आठ दिवसांवर. भाऊंनी आधी सोड्याला दोष दिला, मग विहिरीच्या पाण्याला, शेवटी माझ्याकडे वळले.

"टाके लय जवळ मारते तू. कापसाचा जीव दाबून टाकला."

तीस वर्षांच्या धंद्यात माझ्या टाक्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी तडक कुंपण ओलांडलं, धोतर काट्यात फाडून घेतलं, आणि तारेवरचा एक वाळलेला पॅड काढला. तो हातात वाकला नाही. टिचकी मारली तर टक् वाजला. उकळून धुतलेला होता, म्हणून कोपरा दातानं चावला. पापड! चवही ओळखीची.

"वहिनी, ह्या पट्ट्यायले कांजी केली का तुम्ही?"

वहिनी दारात आल्या. "मंग? बिनाकांजीचा पांढरा कपडा तारेवर टाकू?"

मला हसू आवरेना. "भाऊ, तुम्ही पट्टीले पेज पाजून पाहता, अन् वहिनी तिले आधीच जेवू घालून पाठवते! पोट भरलेलं असल्यावर पिईन कोण?"

मी एकटाच हसत होतो. वहिनी खाली पाहून म्हणाल्या, "रस्त्यानं लोकं जातेत. मऊ पडल्या का चिंध्या दिसते. कापगत्याच्या बाईच्या जखमेच्या चिंध्या वाळून राहिल्या, म्हणतीन. कडक असल्या का घरचा कपडा वाटते."

भाऊ विहिरीच्या पायरीवर बसले. माझ्या हातातला पॅड घेऊन चोळून मऊ केला. मग म्हणाले, "तुझ्या कांजीनं मले एकतीस वर्षं साहेबावानी फिरवलं. ह्या पट्ट्या तेवढ्या मऊ राहू दे. लोकायचं मी पाहतो."

त्यांनी काय पाहिलं? दुसऱ्या दिवशी तारेच्या पुढं, रस्त्याच्या बाजूनं, एक दोरी बांधली. तिच्यावर आपले जुने युनिफॉर्म टांगले. वहिनींनी ते रोज कांजी करायचे, भाऊंनी रोज टांगायचे. पुढं कडक सदरे, मागं मऊ पट्ट्या. गावात बातमी पसरली की इश्वरभाऊंना पुन्हा नोकरीवर घेतलं. पसरवली कोणी, ते विचारू नका.

मंडईच्या दिवशी कामिनी सिस्टरनं सकाळीच गॉज बांधून दिली, वर आमचा पॅड. वहिनी कडुनिंबाखाली सतरंजीवर बसल्या, पहिल्या ओळीत. भाऊ लांब उभे, कडक पँटीत, पिशवीत दुसरा पॅड घेऊन. दंडार रंगली म्हणतात. मला विचाराल तर मी पाहिलीच नाही. मी पाहत होतो पायाकडे, भाऊ पाहत होते सूर्याकडे, आणि वहिनी दर गाण्याआड लुगड्याचा काठ चाचपत होत्या.

दिवस बुडाला. वहिनी उठल्या, लगेच मागं वळल्या, वाकून सतरंजीवरून तळहात फिरवला. कोरडी. त्यांनी हात भाऊंना लांबूनच दाखवला. घरी जाऊन पॅड सोडला तर कडेनं बोटभर जागा अजून कोरडी होती. भाऊंनी ती मलाही बोलावून दाखवली. मी म्हटलं, "टाके पाहा, टाके."

पुढं कामिनी सिस्टर त्यांच्याकडे माणसं पाठवू लागल्या. कारध्याहून, शहापूरहून यायची, कोणाला हत्तीपाय, कोणाला साखरेच्या आजारातली जखम. भाऊ बांधून दाखवायचे, उकळायचं कसं ते सांगायचे, आणि शेवटी बोट उगारून, "कांजी कराची नाई." लोक हसायचे. घरातून भांडं आपटल्याचा आवाज यायचा.

वहिनींची जखम लहान झाली, पण पूर्ण मिटली नाही. तिच्यासाठीच सचिन दोघांना भंडाऱ्याला घेऊन गेला, दवाखाना जवळ पडतो म्हणून. मी फोनवर विचारलं, "तिकडं पट्ट्या कुठं वाळवता?"

"गॅलरीत. एकच दोरी मावते गा. युनिफॉर्मले जागा नाई."

"मंग वहिनी काय म्हणते?"

"म्हणते, दिसल्या तर दिसू दे. पट्ट्याच तर हायेत."

ह्या वर्षीच्या मंडईला दोघं आले. कडुनिंब तोच, सतरंजी नवी. वहिनी पहिल्या ओळीत बसून शेजारणीला पोराच्या फ्लॅटाच्या तक्रारी सांगत होत्या. दंडार संपली. तक्रार अर्धी राहिली होती, म्हणून त्या बोलता बोलताच उठल्या, शेजारणीचा हात धरला आणि बांगड्यांच्या दुकानाकडे चालत्या झाल्या. मागं वळून पाहिलं नाही.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. जुन्या सवयीनं मीच जाऊन त्या जागी वाकलो. सतरंजीवर भुईमुगाची टरफलं तेवढी पडली होती.