एक चूल, एक चिठ्ठी

आमच्याकडे मामा तलावाचं, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाचं, पाणी चिठ्ठीवर मिळतं. उन्हाळी धानासाठी पाळी लावायची असली की देवळाच्या ओट्यावर पितळेचा गुंड ठेवतात, त्यात चिठ्ठ्या टाकतात, आणि ज्याची आधी निघाली त्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, आधी पाणी. नियम एकच: एक चूल, एक चिठ्ठी. घरात चार भाऊ राहोत की एकटा म्हातारा, चूल एक तर चिठ्ठी एक. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या नियमावरून कुणी भांडल्याचं मला आठवत नाही. पाण्यापुरता तो बरोबरच आहे. एका बांधीत सोडलेलं पाणी धुऱ्यावरून उतरून भावाच्या बांधीत जातंच.

पण हा नियम कुणी पहिलीच्या प्रवेशाला लावील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तलावाच्या पलीकडे, पवनीच्या रस्त्यावर, त्याच पाण्यावरचं एक मोठं गाव आहे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा गेल्या काही वर्षांत फार नावारूपाला आली. मुख्याध्यापक झपाटल्यासारखे काम करणारे, शिक्षिकाही तशाच मिळाल्या. दुसरीतलं पोर इंग्रजी धडा घडाघडा वाचतं, पाहुण्यांसमोर माइक धरून बोलतं. कॉन्व्हेंटच्या गाड्या त्या गावात जायच्या बंद झाल्या. आमच्या गावच्या शाळेत मात्र एकच गुरुजी, चार वर्ग आणि बोटांवर मोजण्याइतकी पोरं. गुरुजी वाईट नाहीत. पण पहिलीला अक्षर गिरवायला देऊन ते चौथीकडे वळले की पहिली खिडकीतून बकऱ्या बघत बसते. मग आजूबाजूच्या सगळ्याच गावांची नजर त्या शाळेवर गेली, आणि तिथे पहिलीला खोली एकच. दुसऱ्या खोलीचं छत कधी खाली येईल याचा नेम नाही म्हणून तिला कुलूप.

आधी त्यांच्या गावची पोरं घ्यायची, उरलेल्या जागांवर बाहेरगावची, इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण उरलेल्या जागा थोड्या आणि आम्ही मागणारे भरपूर. पहिल्या वर्षी त्यांनी आधी येईल त्याला देऊ म्हटलं, तर लोकांनी पहाटेपासून फाटकाशी चपला आणि पाण्याच्या बाटल्या रांगेत मांडल्या, आणि कोणाची चप्पल कोणी सरकवली यावरून हातघाई झाली. पुढच्या वर्षी पोरांना चार प्रश्न विचारून निवडायचं ठरलं, तर वरून तंबी आली की सहा वर्षांच्या लेकराची परीक्षा घेता येत नाही. ते खरंच होतं. मग पुढाऱ्यांचे फोन सुरू झाले. शेवटी मुख्याध्यापकांनी हात जोडले आणि शाळा समितीला सांगितलं, तुम्हीच ठरवा. समितीतले म्हातारे म्हणाले, त्यात काय ठरवायचं, पाण्याचं करतो तसंच करू. चिठ्ठ्या टाका. एक चूल, एक चिठ्ठी.

आमच्या घरात त्या वर्षी पहिलीच्या दोन मुली होत्या. एक माझी, एक माझ्या धाकट्या जावेची. दोघींत चार महिन्यांचं अंतर. चूल एक, म्हणजे चिठ्ठी एक, म्हणजे निघाली तरी एकीलाच जागा. आता कोणाचं नाव लिहायचं सांगा! धाकटी म्हणाली, ताई, तुमची मोठी आहे, तिचं लिहा. मी म्हटलं, चार महिन्यांचं कसलं मोठेपण? तोंडानं दोघी असं बोलत होतो. मनात प्रत्येकीला आपलीच दिसत होती, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे हे मला अजून कळलेलं नाही.

तोडगा काढला सासऱ्यांनी. त्यांना आम्ही दोघी मामाजी म्हणतो. ते म्हणाले, धाकटीनं मागच्या सपरीत, पडवीत, चूल मांडावी. दोन चुली, दोन चिठ्ठ्या. शाळेचं एकदा झालं की चूल मोडून टाकू. त्यांना आपल्या हुशारीचं एवढं कौतुक वाटलं की त्यांनी स्वतः माती कालवून दिली.

समिती काही लेचीपेची नव्हती. अशा युक्त्या करणारं आमचंच एक घर होतं थोडंच! त्यांनी पाण्याचाच जुना दाखला काढला. अक्षय तृतीयेला ज्या चुलीवरून पितरांना पान जातं ती चूल खरी, बाकी सगळा देखावा. त्या आधीही ते पाहणी करत फिरत होतेच. भर दुपारी तिघं आमच्याकडे पाणी प्यायला म्हणून आले आणि एकानं सरळ धाकटीच्या गंजावरचं झाकण उचलून बघितलं. आत लाखोरीची डाळ शिजत होती. मला इतका संताप आला की पाण्याचा तांब्या मी त्यांच्यासमोर आदळूनच ठेवला. बायकांच्या गंजात डोकावणारी माणसं माझ्या पोरीची शाळा ठरवणार होती.

सुरुवातीला आम्हाला त्याची मजा वाटली, हेही सांगते. भिंतीवरून चोरून वाटीभर डाळ इकडे, चटणी तिकडे. दीर आणि आमचे हे जेवताना एकमेकांना हाका मारून विचारायचे, तुझ्याकडे काय केलंय. मग अक्षय तृतीया आली. सासूबाई जाऊन फार वर्षं झाली नव्हती. दरवर्षी त्यांचं एक पान, घागर, आंब्याचं पन्हं. त्या वर्षी घरात दोन पानं वाढली गेली, एक माझ्या चुलीवरून, एक सपरीतल्या. मामाजी दोन्हींच्या मधल्या दारात उभे राहिले. मग मला म्हणाले, "तुया सासूले आज समजत नसंन, कोठं जेवाले बसावं त."

मला एकदम रडू आलं. चूल मांडायला आम्हाला यांनीच सांगितलं होतं, म्हणून त्यांच्यावर रागही आला.

चिठ्ठ्या मे महिन्यात, शाळेच्या व्हरांड्यात काढल्या. देवळातला तोच गुंड तिथे आणला होता. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंनी हात घातला, कारण त्यांच्या नात्यातलं कोणी त्यात नव्हतं. धाकटीनं माझा हात घट्ट धरला होता. एकेक नाव निघत होतं, कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी उठून जात होतं. जागा संपत आल्या आणि धाकटीच्या मुलीचं नाव निघालं. तिनं माझा हात लगेच सोडला नाही. आणखी थोडं थांबू, अजून आहेत, असं ती मला पुटपुटत सांगत होती. दोन जागा राहिल्या, मग एक, मग बाईंनी हात पदराला पुसला. माझ्या मुलीची चिठ्ठी गुंडातच राहिली. मला हेवा वाटला. वाटला म्हणजे वाटला. त्या पोरीला मी माझ्या हातांनी न्हाऊमाखू घातलेलं आहे, तरी वाटला.

दुसऱ्या दिवशी मी एकटी मुख्याध्यापकांकडे गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी मला खोलीत नेलं, पोरं बसतात ती जागा दाखवली. भिंतीपासून भिंतीपर्यंत पट्ट्या टाकलेल्या, शिक्षिकेला फिरायला वाट नव्हती. म्हणाले, "ताई, माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोराचीही चिठ्ठी नाही निघाली. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं आहे. एकाला आत घेतलं तर मला सगळ्यांना घ्यावं लागेल." चांगल्या माणसाशी धड भांडताही येत नाही. मी चहा न घेता परत आले.

त्या दिवशी मामाजी म्हणाले, झालं ते झालं, आता चूल मोडा. मी सगळ्यांच्या हिशेबानं तांदूळ धुवायला काढले. तेवढ्यात धाकटी दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरलेला होता. आमच्याच गावातल्या ज्या एकाच्या नातवाची चिठ्ठी राहिली होती, तो पारावर सगळ्यांसमोर बोलला होता: या घरावर माझी नजर आहे. ज्या दिवशी दोन भाऊ एका चुलीवर जेवले त्या दिवशी समितीकडे जाईन, जागा खोट्या चुलीवर मिळवली म्हणून नाव कापायला लावीन.

"ताई," ती म्हणाली, "माया पोरीची शाळा आता तुमच्याच हाती आहे."

मी निम्मे तांदूळ परत डब्यात टाकले.

शाळा आमच्याकडे उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडते. तोवर चालवू म्हटलं. मग पहिली चाचणी होईपर्यंत, मग दिवाळीपर्यंत. आता कोणी मुदतीचा विषय काढत नाही. मामाजी सकाळी माझ्याकडे आणि संध्याकाळी सपरीत जेवतात, आणि दोन्हीकडे अर्धपोटी उठतात. आमचे हे आणि दीर बांधीवर एकत्र राबतात, घरी आले की आपापल्या दारात शिरतात. माझ्या भावानं फोनवर सांगितलं, जाऊन खरं सांगून टाक, नाहीतरी तुझी पोर बाहेरच आहे. मी फोन ठेवून दिला. माझ्या मुलीला जागा मिळत नाही म्हणून दुसरीची घालवायची, हे मला जमण्यासारखं नव्हतं. पण असल्या चांगुलपणाचा मला राग येतो, हेही खरं. रोज सकाळी धाकटीची पोर इस्तरीचा गणवेश घालून ऑटोत बसते, माझी पायी गावातल्या शाळेत जाते, आणि दोघींच्या डब्यांत वेगवेगळ्या चुलीवरची भाजी असते. त्या चुली वेगळ्या ठेवायचं काम मी करते आहे.

दोघी मुलींना आम्ही कधी काही समजावून सांगितलं नाही. लहान आहेत, खेळतील, विसरतील, असं धरून चाललो होतो.

परवा दुपारी धाकटी बांधीवर निंदायला गेली होती. तिची पोर शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि मला म्हणाली, मोठी आई, भूक लागली. मी भात वाढला, वर डाळ घातली. दार उघडंच होतं. तिनं पहिला घास उचलला तोच माझी मुलगी धावत आली. तिनं आधी दार लोटलं, मग बहिणीचं मनगट धरलं.

"आमच्या इथं नोको जेवू," ती हळूच म्हणाली. "तुयं नाव कापतीन."

धाकटीच्या पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी खा म्हणाले नाही आणि उठ म्हणाले नाही. तिनं घास ताटात ठेवला, उठून हात धुतले आणि सपरीत जाऊन आईची वाट बघत बसली.